तिसरा जोड

१

शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागली आणि आखाती शहराच्या अल बर्शा भागातली ती इमारत भराभर रिकामी झाली. दोन दिवस बॅगांची चाकं कॉरिडॉरमध्ये खडखडत राहिली, मग तीही थांबली. कोणी पुण्याला गेलं, कोणी कोचीला, कोणी जॉर्जियाला. समोरच्या फ्लॅटमधली काव्या आईबाबांबरोबर जपानला गेली आणि तिथून रोज बर्फाचे फोटो पाठवू लागली.

टेंब्यांच्या घरून मात्र कोणी कुठे गेलं नाही. सिद्धार्थ टेंबेची रास अल खोरला डाळी-मसाल्यांची वखार होती आणि डिसेंबर म्हणजे हॉटेलवाल्यांच्या ऑर्डरींचा हंगाम. तो सकाळी धुक्यात गाडी काढायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. त्याची बायको गिरिजा एका शिपिंग कंपनीचं काम घरी बसून करायची. सात वर्षांची केया सोफ्यावर पाय वर आणि डोकं खाली करून लोंबकळत पुन्हापुन्हा विचारायची, “आई, व्हेन इज समबडी कमिंग?”

“कुणी येणार नाहीये, बाळा. सगळे गेलेत.”

“बट वी आर हिअर.”

गिरिजानं तिला उचलून सरळ बसवलं. गिरिजा भांडखोर होती, हे तिच्या माहेरी, सासरी आणि बिल्डिंगच्या मॅनेजमेंटला सारखंच ठाऊक होतं. मॅनेजमेंटनं मध्यंतरी फर्मान काढलं, की दाराबाहेर चपला-बूट ठेवायचे नाहीत, आगीच्या नियमात बसत नाही, दंड होईल. बंबाचे जवान म्हणे चपलांना अडखळतील! आणि जिन्याचं आगीचं दार वर्षभर धड बंद होत नव्हतं, ते? अलार्म ऊठसूट खोटा वाजायचा, तो? गिरिजानं ऑफिसात जाऊन मॅनेजरला हे सगळं इंग्रजीत, हिंदीत आणि शेवटी संतापाच्या भरात मराठीत सुनावलं. बाकीच्या बिऱ्हाडांनी निमूट चपला आत घेतल्या. तिनं नाही घेतल्या.

“बाहेरची घाण मी घरात आणणार नाही. करा दंड. मी म्युनिसिपालिटीत जाते.”

दंड आला नाही. तेव्हापासून सहाव्या मजल्यावर फक्त त्यांच्याच दारासमोर पादत्राणं दिसायची. घरी दोघीच असल्या की दोन जोड, गिरिजाच्या सँडल आणि केयाचे पिवळे क्रॉक्स. सिद्धार्थ आला की त्याचे बूट. बाहेर जितके जोड तितकी माणसं आत, हे गणित केयाला तिनंच शिकवलं होतं. कुणाकडे गेलं की बेल वाजवायच्या आधी चपला मोजायच्या, म्हणजे आत गर्दी आहे की नाही ते कळतं.

त्या दिवशी दुपार झाली तरी धुकं पुरतं विरलं नव्हतं. खालच्या दुकानातून मागवलेलं दूध-कोथिंबीर पोऱ्या दाराशी ठेवून गेला. गिरिजानं पिशवी घ्यायला दार उघडलं, तिच्या काखेखालून केयानं डोकं बाहेर काढलं आणि ती आनंदानं किंचाळली.

“आई! समबडी हॅज कम!”

दाराबाहेर तीन जोड होते.

२

बायकी रबरी सपाता होत्या. कधीकाळी गुलाबी असाव्यात, आता रंग उडून गेला होता. एकीचा पट्टा तुटला होता आणि तो बारीक तारेनं बांधून घेतला होता. दोन्ही ओल्या. केयाच्या क्रॉक्सशेजारी अगदी नीट लावून ठेवलेल्या, टोकं दाराकडे.

गिरिजानं कॉरिडॉरमध्ये पाहिलं. ना पोऱ्या, ना कोणी.

आत केयाची शोधाशोध सुरू झाली होती. पाहुणे आलेत, म्हणजे घरात कुठेतरी असणारच. ती पडद्यामागे बघत होती, पलंगाखाली वाकत होती, कपाटांची दारं उघडून “फाउंड यू!” ओरडत होती. गिरिजाला हसू आलं. बरं झालं, तेवढीच करमणूक. मुख्य दारातून आत शिरलं की एक चिंचोळा पॅसेज होता. त्याच्या एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला मोलकरणीची खोली, आणि पुढे हॉल. इथल्या जुन्या फ्लॅटना अशी खोली असतेच. तिला खिडकी नसते, पलंग जेमतेम मावतो आणि आतच न्हाणीघर असतं. ज्यानं ही खोली काढली त्याला मोलकरीण श्वास घेते हे माहीत नसावं, असं गिरिजा म्हणायची. त्यांच्याकडे मोलकरीण नव्हती. तिथे बॅगा, आकाशकंदील आणि तांदळाची पोती असत.

केया त्या खोलीत शिरली आणि तिचा आवाज थांबला.

“सापडले का पाहुणे?” गिरिजानं स्वयंपाकघरातून विचारलं.

केया बाहेर आली. दार तिनं हळूच ओढून घेतलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं ओढून घ्यावं तसं.

“यस,” ती म्हणाली आणि रंगपेटी घेऊन बसली.

मुलांचं असंच. गिरिजानं नातूरला फोन लावला. नातूर म्हणजे बिल्डिंगचा राखणदार. त्याचं नाव मुझम्मिल, माणूस हैदराबादचा.

“मुझम्मिल, ये किसकी चप्पल रखवाई है मेरे दरवाजे पे? मॅनेजर का आयडिया है ना? फोटो निकालके फाइन लगाएगा?”

“अल्ला कसम मॅडम, मैं काहे को रखूँ? पूरे सिक्स्थ फ्लोर पे आप लोगाँ अकेले हैं.”

“तो ये उडके आयी?”

“मॅडम, आप ही कंप्लेंट करते कि चप्पल पे कोई कुछ नहीं बोलना. अब आप ही पूछ रहे किसकी चप्पल. मैं क्या बोलूँ?”

तिनं फोन आपटला. बाहेर येऊन सपाता पायानं लिफ्टपर्यंत ढकलत नेल्या आणि तेव्हा तिला पहिल्यांदा नीट दिसलं. दोन्ही सपाता डाव्या पायाच्या होत्या.

देवळाबाहेर होते अशी अदलाबदल. घाईत माणूस दुसऱ्याचीच घालून येतो. गिरिजानं स्वतःला हे समजावलं आणि तरीही खाली वाकून पाहिलं. झिजलेल्या रबरात पायाचे ठसे रुतले होते. टाच, चवडा, पाच बोटं. उजवा पाय डाव्या सपातेत कोंबून वापरला असता, तर एक ठसा वेडावाकडा उमटला असता. हे दोन्ही ठसे नेमके बसले होते. दोन्ही डाव्या पायाचे.

संध्याकाळी मागच्या मशिदीतून मगरिबची बांग झाली, तेव्हा ती कचरा टाकायला बाहेर पडली. लिफ्टपाशी सपाता नव्हत्या.

“बघ, ज्याच्या होत्या तो घेऊन गेला,” रात्री जेवताना सिद्धार्थ म्हणाला. “आणि तू बिचाऱ्या मुझम्मिलला झापलंस. दोन्ही पाय डावे! इंग्रजीत नाचता न येणाऱ्याला असंच म्हणतात. नाचात गेला असेल गं तो माणूस वाया.”

“तू हस. तुला काय, तुझ्या डाळी बऱ्या.”

पण तीही हसली.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी सपाता पुन्हा दारात होत्या. ओल्या, नीट लावलेल्या, टोकं दाराकडे. मगरिबला नाहीशा. तिसऱ्या दिवशीही तेच. सिद्धार्थ यायच्या आत त्या गेलेल्या असत, त्यामुळे त्याच्या लेखी ही बायकोची नवी लढाई होती, एवढंच.

भूतबीत गिरिजा मानत नसे. जिवंत माणसं इतकी नालायक असताना मेलेल्यांवर संशय कशाला घ्यायचा, असा तिचा सवाल असे. एखादी साफसफाईवाली रिकाम्या मजल्यावर येऊन बसत असेल. कोणी रिकाम्या फ्लॅटमध्ये चोरून राहत असेल. राहू दे बापडं, पण माझ्याच दारात का?

मात्र केया आता ‘कोण येणार’ म्हणून विचारत नव्हती. दुपार झाली की ती खाऊचा डबा घेऊन मोलकरणीच्या खोलीत जायची. आतून कुजबुज यायची. गिरिजानं एकदा दार ढकललं तर केया एकटीच तांदळाच्या पोत्यावर बसलेली, आणि खोलीत कोंदट, ओल्या फडक्यासारखा वास.

“कुणाशी बोलतेस?”

“यू सेड डोंट डिस्टर्ब गेस्ट्स,” केया म्हणाली. गिरिजानं हे कधीतरी म्हटलं होतं खरं.

चौथ्या दुपारी गिरिजानं ठरवलं, आज जो कोणी आहे त्याला रंगेहाथ पकडायचं. तिनं दाराची साखळी आतून लावली. कानात मीटिंग लावली, कॅमेरा बंद केला आणि दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिली. कॉरिडॉरचे दिवे माणूस आला की आपोआप लागायचे. आता ते बंद होते. टोकाच्या खिडकीतून धुक्याचा पांढुरका उजेड येत होता आणि त्यात दारासमोरची लादी स्वच्छ दिसत होती. सँडल. पिवळे क्रॉक्स. दोन जोड.

कानात साहेब कंटेनरांच्या उशिरावर बोलत होते. दुपार कलत आली तरी लादीवर नवं काही नव्हतं.

“गिरिजा? आर यू देअर?”

तिनं फोनकडे पाहिलं, आवाज सुरू केला, “यस सर, आय ॲम हिअर,” म्हणाली आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

तीन जोड.

दिवा लागला नव्हता. कॉरिडॉरमधून कोणीही चाललं नव्हतं. सपातांखाली लादीवर पाण्याचा ओघळ नुकताच पसरत होता.

गिरिजा हललीच नाही. साखळी तिच्या कानाशी लावलेली होती, कडी लागलेली होती, आणि तिला आता सपातांची भीती वाटत नव्हती. सपाता बाहेर होत्या. बाहेर जितके जोड, तितकी माणसं आत.

ती अगदी सावकाश मागे वळली.

४

पॅसेजमध्ये ओली पावलं उमटली होती.

ती मोलकरणीच्या खोलीतून निघून हॉलकडे गेली होती. लहान मुलाची नव्हती, मोठ्या बाईची होती. चाल सरळ होती. एक पाऊल रेषेच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला, तुम्हीआम्ही चालतो तसंच. फक्त प्रत्येक पाऊल डाव्या पायाचं होतं. डावं, मग डावं, मग डावं. लंगडल्याची खूण नाही, उडी मारल्याची नाही. कोणीतरी आरामात, घरच्यासारखं चालत गेलं होतं.

कानात साहेब अजून बोलत होते. तिनं कानातलं ओरबाडून काढलं.

“केया?”

पावलं केयाच्या खोलीत शिरली होती.

गिरिजानं दार उघडलं. केया पलंगावर मांडी घालून बसली होती. समोर खेळण्यातला चहाचा सेट मांडलेला, दोन कप. तिच्यासमोरच्या चादरीवर एक खोलगट जागा होती, माणूस बसल्यावर गादी दबते तेवढी, आणि ती ओली होती. गिरिजा बघत असताना ती जागा हळूहळू वर आली. गादी सपाट झाली.

“आई! यू शुड नॉक!”

“कोण होतं इथे?”

“मावशी.”

“कोण मावशी? काय बोलत होती?”

“शी सेज, शी केम सो मेनी टाइम्स. नाऊ इट्स माय टर्न. आय हॅव टू गो टू हर हाऊस.” केया खांदे उडवून म्हणाली. आपल्याकडे निघताना सगळेच म्हणतात, आता तुम्ही या आमच्याकडे. केयानं हे शंभरदा ऐकलं होतं. तिला त्यात वावगं काही दिसलं नाही.

भीती होतीच, पण तिच्यासारख्या बाईच्या भीतीला डोकं वर काढायला संतापाचीच वाट माहीत असते. माझ्या घरात! माझ्या पोरीला! तिनं केयाला कमरेवर उचललं, साखळी काढली, दार उघडलं. सपाता दोन बोटांत धरल्या. बर्फासारख्या गार होत्या. कॉरिडॉरच्या टोकाला कचरा टाकायच्या पाइपाचं झाकण होतं, ते तिनं ओढलं आणि एकामागून एक दोन्ही आत फेकल्या. त्या सहा मजले आपटत खाली गेल्याचा आवाज आला.

“खलास!” ती ओरडली. “ये आता परत! बघतेच मी!”

रिकाम्या मजल्यावर तिचाच आवाज घुमला.

केया तिच्या कमरेवर बसून टाळ्या वाजवत होती.

“तू का हसतेस?”

“आई, यू डिड इट लाइक मी! रिमेम्बर? आजोबांच्या चप्पल?”

गिरिजाला आठवलं. तिचे वडील, मुरलीधर आजोबा, उन्हाळ्याच्या आधी येऊन राहिले होते. निघायच्या दिवशी केयानं त्यांच्या चपला लपवल्या. सगळ्याच घरांत मुलं हे करतात. नावडत्या पाहुण्याला कोणी करत नाही. आजोबा दारात बसकण मारून म्हणाले होते, झालं, आता चपलाच नाहीत म्हटल्यावर मला राहणं भाग आहे.

“नाऊ शी कान्ट गो होम,” केया आनंदानं म्हणाली. “शी हॅज टू स्टे.”

५

घरात परतल्या परतल्या गिरिजानं मुझम्मिलला फोन केला. खाली जा, कचऱ्याच्या खोलीत दोन गुलाबी सपाता असतील, काढून ठेव, हात जोडते.

“मॅडम, गाडी तो अभी उठा के ले गयी.” त्याचा स्वर गोंधळला होता. गिरिजाला कोणाला हात जोडताना त्यानं ऐकलं नव्हतं. “क्या हुआ मॅडम? तबीयत ठीक है ना?”

मग तिनं सिद्धार्थला फोन केला. बोलताना तिला स्वतःचंच बोलणं वेड्यासारखं वाटत होतं, पण नवरा या वेळी हसला नाही. तिचा आवाज त्यानं असा कधी ऐकला नव्हता.

“हे बघ, मी निघतोय. वखार बंद करतो. माझ्या अनुपमाताईकडे जाऊ अल ऐनला, चार दिवस तिकडेच राहू. तू कपडे भर.”

“मी आत्ता खाली उतरते, टॅक्सी करते.”

“या धुक्यात? शेख झायेद रोडवर गाड्या मुंगीसारख्या चालल्यात. थांब घरीच. यल्ला, निघालोच मी. आणि गिरिजा... दार लावून घे.”

“दार लावूनच होतं, सिद्धार्थ!”

फोन ठेवून तिनं पर्स उचलली. टॅक्सी मिळो न मिळो, ती खाली मुझम्मिलच्या केबिनमध्ये जाऊन बसणार होती. आपल्याच घरातून पळायचं, याचा अपमान नंतर मोजू. तिनं केयाचा हात धरला आणि हॉलमधून पॅसेजकडे वळली. तेवढ्यात बांग सुरू झाली.

रोज याच वेळी ती जायची.

मोलकरणीच्या खोलीच्या दाराची कडी हलकेच वाजली. गेले चार दिवस हा आवाज गिरिजानं ऐकला होता आणि एसीच्या वाऱ्यावर ढकलून दिला होता. मग ओल्या पावलांचा चपचप आवाज, मुख्य दाराकडे जाणारा. दाराची कडी निघाली. दार उघडलं गेलं. कॉरिडॉरमधली गार हवा आत आली.

गिरिजा केयाला घेऊन हॉलच्या भिंतीशी चिकटली. पॅसेज इथून दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. जा, ती मनात म्हणत होती. जा बाई, जा.

लादीवर पाय घासल्याचा आवाज आला.

हा आवाज कुणालाही ओळखता येतो. उजेड कमी असला, की माणूस न वाकता पायानंच चपला चाचपडतो, अंगठ्यानं पट्टा शोधतो, तसा. सर्र. थांबून पुन्हा सर्र. थोडं पलीकडे. थोडं अलीकडे. पाय काहीतरी शोधत होते, धीरानं, सवयीनं. मग जरा घाईनं. मग दोन्ही पाय एकदम.

आणि ते पाय परत आत आले. पॅसेजमध्ये येऊन थांबले.

६

बाहेर जायची वाट एकच होती, आणि त्या वाटेत ती उभी होती.

केयानं काही बोलायला तोंड उघडलं. गिरिजानं तिच्या ओठांवर हात ठेवला. तिचं डोकं आता विलक्षण शांत झालं होतं. भांडून हा पाहुणा जाणार नाही. पाहुण्याला जायचंच आहे. रोज जातो, वेळेवर जातो. आपण त्याची पादत्राणं फेकून दिली आहेत. सगळं भांडण तिथेच आहे.

हॉलच्या कपाटात तिच्या नव्या सँडलचं खोकं होतं. भारतात जायचं म्हणून घेतल्या होत्या, जाणं रद्द झालं, तशाच राहिल्या. तिनं खोकं उघडलं, कागद बाजूला केला आणि गुडघ्यांवर बसून त्या सँडल पॅसेजच्या तोंडाशी सरकवल्या. टोकं दाराकडे. वडीलधारं माणूस निघालं की सून ठेवते तशा.

“मावशी,” ती म्हणाली. उभ्या जन्मात तिनं इतक्या नरम आवाजात कोणाला हाक मारली नव्हती. “माझी चूक झाली. या माझ्या घाला. नव्या आहेत. तुमच्याच समजा. पण आता या.”

काही हललं नाही.

तिला वाटलं, आपण बघतोय म्हणून असेल. परकं माणूस समोर असताना कोणी पाय पुढे करत नाही. ती उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. “केया, इकडे ये. माझ्या मागे उभी राहा आणि माझा कुर्ता धर. घट्ट. सोडायचा नाही, काही झालं तरी.”

मागून कुर्त्याचं टोक घट्ट धरलं गेलं.

पावलं जवळ आली. चपचप. सँडलपाशी थांबली. नव्या चामड्यात पाय गेल्याचा चर्र आवाज झाला. एक पाय बसला. मग दुसऱ्या पायाची धडपड सुरू झाली. तो पाय उजव्या सँडलमध्ये जात नव्हता. पुन्हा. पुन्हा. सँडल लादीवर आपटली. पुन्हा. गिरिजाचे डोळे भिंतीवरच्या एका टाचणीच्या भोकावर खिळले होते. घामानं तिचा गळा भिजला होता. कुर्त्याचं टोक मागे ताणलेलं होतं, आणि त्या ताणावर ती उभी होती. केया आहे. केया माझ्याजवळ आहे. बाकी काय वाटेल ते होवो.

सँडल एकदा जोरात भिरकावल्याचा आवाज आला. ती भिंतीला लागून पडली.

केयानं हात बदलला असावा तसं कुर्त्याचं टोक किंचित सैल होऊन पुन्हा ताणलं गेलं.

मग दाराबाहेर, अगदी हलका, रबर लादीवर टेकल्याचा आवाज. एक. दोन. आणि पावलं लांब जाऊ लागली. ती आता ओली वाजत नव्हती. ती कोरडी होती, छोटी होती, आणि भराभर चालली होती.

लिफ्टची घंटी वाजली.

गेली. गिरिजाच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. तिनं हात मागे न नेताच म्हटलं, “गेली गं बाई. चल, केया, दार लावू,” आणि ती पॅसेजमधून धावली. कुर्त्याचं टोक धरून मागचीही धावली.

डावी सँडल ओली होती. उजवी भिंतीशी पालथी पडली होती. दार सताड उघडं होतं, आणि दाराबाहेर एकच जोड उरला होता, तिचा स्वतःचा.

पिवळे क्रॉक्स नव्हते.

७

कॉरिडॉरचे दिवे लागलेले होते.

समोर लिफ्टचं दार उघडं होतं. आत केया उभी होती. पायात पिवळे क्रॉक्स, अंगात घरातलाच मळका स्वेटर, आणि बोट बटणावर. पाहुणे लिफ्टमध्ये शिरले की जसे वळून उभे राहतात, तशी ती वळून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर एक हसू होतं. नीटनेटकं, परक्या घरून निघताना आणतात तसं.

तिनं हात हलवला.

“येते हं, काकू,” केया म्हणाली. स्वच्छ मराठीत. “आता तुम्ही या आमच्याकडे.”

“केया!”

दार मिटायला लागलं. गिरिजानं झेप घेतली आणि ती जागच्या जागी खेचली गेली. कुर्त्याचं टोक सुटलं नव्हतं. तिनं सांगितलं होतं तसं ते घट्ट धरलेलं होतं, काही झालं तरी न सोडण्यासाठी.

लिफ्ट बंद झाली. वरचा आकडा पाच झाला. चार.

मागून कुर्ता सुटला, आणि दोन लहान हात तिच्या कमरेभोवती आले. लडिवाळपणे, शाळेतून आल्यावर केया मारते तशी मिठी. पाठीला ओला गाल टेकला.

“आई,” मागून आवाज आला, “दार लाव ना.”

गिरिजानं खाली पाहिलं. पोटावर दोन्ही तळवे सपाट टेकलेले होते. डावीकडून आलेल्या हाताचा अंगठा वर होता. उजवीकडून आलेल्या हाताचा अंगठा खाली होता.

दोन्ही हात डावे होते.